हात खाली

मी शाळेत कवायत शिकवते. आवाज खणखणीत, आणि घरीही तोच लावलेला. लेक तेवीस वर्षांची घोडी झाली तरी मला बबडीच. तिला ऑटिझम आहे. पाच वर्षं ती हौशी नाटकांत कामं करतेय, एकाही वाक्याला कधी अडखळली नाही, पण सिनेमात कुणी उभं करत नव्हतं. आता एका सिनेमातली ऑटिझम असलेली मुलगी खऱ्याच तशा मुलीने करावी, असं दिग्दर्शिकाबाईंनी ठरवलं होतं. पंधरा दिवस बबडी आंघोळीतही संवाद म्हणत होती. हे काम तिला हवंच होतं.

ऑडिशनची खोली एवढीशी. दोन दिवे, कॅमेरा, जमिनीवर चिकटपट्टीची फुली. बबडी फुलीवर उभी राहिली आणि अख्खा प्रसंग करून मोकळी झाली. नजर थेट बाईंच्या डोळ्यांत, हात मांड्यांना चिकटलेले. मला वाटलं, झालं काम.

बाई पेन चावत बसल्या. "काकू, केलं छानच. पण ही तशी वाटत नाही हो. प्रेक्षकांना कळायला नको?"

अहो, ती आहेच तशी, वाटायचं काय त्यात, असं मी तिथल्या तिथे सुनवायला हवं होतं. एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी मात्र शेपूट घातली.

"लहानपणी हात फडफडवायची," मी म्हणाले.

"मग करू दे की!"

"बबडी, हात हलव. पूर्वी हलवायचीस तसे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. का नाही बघणार? सहा वर्षं रोज संध्याकाळी तिला समोर बसवून मीच ते हात खाली ठेवायला लावले होते. ऐकेना तेव्हा चापट्याही मारल्या. बादलीत पाण्याची धार पडायला लागली की आनंदाने हलायचे ते हात. लोक बघतात म्हणून मी ते बंद पाडले.

तिने हात उचलले आणि हलवले. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. माझ्या वर्गातल्या पोरी कवायतीत हलवतात, अगदी तसे. मला लाजेने तिच्याकडे बघवेना. बाईंचे डोळे मात्र भरून आले.

"अगदी खरं! काकू, हीच आमची मुलगी!"

जिन्यात बबडीने मला थांबवलं. "आई, ते चुकलं."

"काम मिळालं ना तुला? मग झालं तर."

"चुकलं. मी कसं करायचे ते मला आठवतच नाहीये. तुला आठवतं?"

आठवत होतं. आधी बोटं ताठ व्हायची, मग मनगटं सुटायची, मग टाचा उचलल्या जायच्या. मी नुसती होकारार्थी मान हलवली.

"मग शिकवशील? रोज संध्याकाळी. बंद करायला बसायचो तसं."

तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. ती खरोखरच वेळ ठरवत होती.

"साडेसहा चालेल?"