रेषेवर अडलेला मानेचा पट्टा

मित्रांनो, केशोरीला रुख्माच्या घरी कधी आलात तर दाराजवळच्या खुंटीकडे पाहा. तिथे छत्रीच्या शेजारी फोमचा एक मळकट, अर्धगोल तुकडा लटकलेला दिसेल. तो मी. मानेचा पट्टा. वय झालं आहे, काठ उसवले आहेत, पण अजून उभा राहतो.

माझ्या कापडाच्या रंगाला दुकानात ‘स्किन कलर’ म्हणतात. या भागात मी कितीतरी माना पाहिल्या, पण त्या रंगाचं एकही माणूस मला भेटलं नाही. कुणाचं कातडं पाहून हा रंग ठरवला, कोण जाणे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. फोम कापला, वर कापड शिवलं, हनुवटी टेकायला पुढे खळगा ठेवला आणि दोन टोकांना व्हेल्क्रोची पट्टी लावली. व्हेल्क्रो म्हणजे काढताना चर्र वाजते ती. मग मला एका खोक्यात घातलं. खोक्यावर मला घालून हसणाऱ्या एका बाईचा फोटो होता. मला घातलेलं एकही माणूस तसं हसताना मी पुढे पाहिलं नाही.

त्या खोक्यातून मला बाहेर काढलं ते गोवर्धनसाठी. गोवर्धन म्हणजे रुख्माचा नवरा. धानाचे भारे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचताना त्याचा तोल गेला आणि तो मानेवर पडला. शेतातले लोक म्हणाले, शेजारच्या गावी मान झटकून बसवणारा एक जण आहे, त्याच्याकडे नेऊ. रुख्मा आडवी आली. आधी एक्स-रेचा फोटो काढायचा, मग कुणी हात लावायचा, असं तिनं सगळ्यांना सुनावलं. फोटोत हाड शाबूत निघालं, पण मानेचे स्नायू चांगलेच दुखावले होते. डॉक्टरांनी मला लिहून दिलं आणि मी कामाला लागलो.

रोज सकाळी रुख्मा मला गोवर्धनच्या गळ्याला लावायची. पट्टी मागच्या बाजूला, त्यामुळे त्याला स्वतःला लावता येत नसे. पहिल्या दिवशी मी फार सैल बसलो, दुसऱ्या दिवशी फार घट्ट. तिसऱ्या दिवशी नीट बसलो, तेव्हा रुख्मानं गुड्डूच्या दप्तरातला निळा पेन घेतला आणि माझं टोक जिथे आलं होतं तिथे एक रेघ ओढली. गुड्डू त्यांचा मुलगा. एवढं धुऊनही ती रेघ अजून गेलेली नाही. पुढे काय झालं ते कळायचं असेल तर तेवढी रेघ लक्षात ठेवा.

काही दिवसांनी डॉक्टरांनी गोवर्धनला हर्षा मॅडमकडे पाठवलं. मॅडम गोंदियाच्या. आठवड्यातून एकदा त्या अर्जुनीला येत. आखडलेली मान, पाठ, कंबर हातांनी मोकळी करायची आणि घरी करायचे व्यायाम शिकवायचे, हे त्यांचं काम. त्यांच्याकडे येणाऱ्या अर्ध्या लोकांची एकच तक्रार असायची की हाड वाजत नाही. गोवर्धनही पहिल्या दिवशी बाहेर येऊन कुरकुरला, “आवाज तं आलाच नाही. मंग इलाज कायचा झाला?” मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, मान काही पापड नाही. महिन्याभरात त्याची मान दोन्ही खांद्यांपर्यंत वळायला लागली. मॅडमनी मला टेबलावर ठेवलं आणि याची नोकरी संपली, आता मानेला स्वतः काम करू द्या, असं जाहीर केलं. मला राग आला. इतके दिवस भार मी उचलला आणि निरोपाचे दोन शब्दही नाहीत.

पण मी रिकामा बसलो नाही. लग्नाच्या स्वयंपाकाचे मोठे गंज, म्हणजे पातेली, जसे या घरून त्या घरी जातात, तसा मी गावात फिरू लागलो. कुणाची मान लचकली की रुख्माकडे निरोप यायचा. मग डोकं दुखलं तरी पट्टा, चक्कर आली तरी पट्टा, रात्री झोप लागली नाही तरी पट्टा. ‘रुख्माच्या पट्ट्यानं आराम पडते’ असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? शालीकराम नावाचा एक गडी तर ऐन कापणीत मला मागून न्यायचा. मी गळ्यात असलो की त्याला कुणी भारा उचलायला सांगत नसे. जेवायला बसला की मला काढून बाजूला ठेवायचा आणि दोन माणसांचं जेवायचा.

आता चंदाबद्दल सांगतो. शेजारच्या सुशिलाबाईंची ती सून, स्वप्निलची बायको, सालेकशाकडची. अंगानं बारीक, बोलायला कमी, हसायला जास्त. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. सहाव्या महिन्यात तिची कंबर इतकी दुखायला लागली की बसली तर उठता येईना. रुख्मा तिला हर्षा मॅडमकडे घेऊन गेली. मॅडमनी तिला कुशीवर निजवून हलक्या हातानं कंबर मोकळी केली. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवायला सांगितली, उठताना आधी कुशीवर वळायला शिकवलं. चार-आठ दिवसांत फरक पडला. सुशिलाबाईंनी घरातली सगळ्यात चांगली उशी सुनेला दिली आणि विहिरीवर सगळ्यांना सांगितलं की शरीरातलं सगळं दुखणं आखडलेल्या नसांचंच असतं.

मॅडमनी निघताना रुख्माला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट बजावली होती. ती रुख्मानं घरी येऊन गोवर्धनला सांगितली, तेव्हा मी खुंटीवरून ऐकली. मॅडम म्हणाल्या होत्या, “कंबर आणि मान माझ्याकडे आणा. पण पोटुशी बाईचं डोकं जोरात दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, तोंडावर सूज आली, तर माझ्याकडे यायचं नाही. सरळ दवाखान्यात जाऊन बीपी मोजायचं.”

दिवाळीच्या सफाईत चंदानं छताची जाळी काढली आणि तिची मान धरली. रुख्मा तिला रागावली, मग मला घेऊन गेली. तिनं मला चंदाच्या गळ्याला लावलं, तर माझं टोक निळ्या रेघेच्या दोन बोटं पुढे गेलं. रुख्मा हसून सुशिलाबाईंना म्हणाली, “सारसावानी मान हाये वं या पोरीची.” सारस म्हणजे आमच्या भागातला लांब, बारीक मानेचा उंच पक्षी. दोन दिवसांत चंदा बरी झाली आणि मी परत खुंटीवर आलो.

त्यानंतर कापणी सुरू झाली. दवाखान्यातली चंदाची मागची तपासणी ठीक होती. पुढची मात्र राहून गेली, कारण स्वप्निल शेतात आणि तिला नेणारं कुणी नाही. मळणीचं यंत्र दारी आलं त्या दिवसांत तिचं डोकं दुखायला लागलं. धुळीनं दुखत असेल असं आधी वाटलं. मग सुशिलाबाईंनी कपाळाला फडकं घट्ट बांधून दिलं. तरी थांबेना, तेव्हा रुख्मा शेतात असताना त्या गुड्डूकडून मला मागून घेऊन गेल्या. कंबर उशीनं बरी झाली, मान पट्ट्यानं बरी झाली, मग डोकंही होईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांच्या मनात माया होती, हे मी शपथेवर सांगेन.

मित्रांनो, त्या दिवशी चंदाच्या गळ्याला लागताच मला कळलं की काहीतरी बिघडलं आहे. सुशिलाबाई मला ओढत होत्या, पण माझं टोक पुढे जाईना. कसंबसं ते रेघेपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. आत तिची शीर धडधडत होती. दिवाळीत याच मानेवर माझं टोक रेघेच्या दोन बोटं पुढे गेलं होतं. मला फार भीती वाटली. ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड नाही. मला फक्त एक टोक आहे. ते जिथवर पोहोचतं तेवढंच मी सांगू शकतो, आणि तेही पाहणारं कुणी असेल तर.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी पाहिलं नाही. चंदा भिंतीकडे तोंड करून पडून होती. उजेड सहन होत नाही म्हणून तिनं खिडकी लावायला सांगितलं होतं. अंगणात मळणीचं यंत्र घरघरत होतं आणि त्या आवाजानं ती प्रत्येक वेळी डोळे मिटून घ्यायची.

मग शालीकरामला भारे वाहायची पाळी आली. त्याची मान लगेच दुखायला लागली आणि त्यानं रुख्माकडे पट्टा मागितला. काम चुकवायला माणूस इतक्या वेळेवर कधी आला नसेल. रुख्मा मला परत न्यायला सुशिलाबाईंकडे आली. चंदाच्या मानेवरचे केस बाजूला करून ती माझी पट्टी सोडवणार, तोच तिचा हात थांबला.

“मावशी, पट्टा येवढा घट्ट कोणं लावला?”

“मी कायले घट्ट लावू? ओढून ओढून कसाबसा पोचला,” सुशिलाबाई म्हणाल्या.

रुख्मानं माझ्या निळ्या रेघेवर बोट ठेवलं. “हे आमच्या गुड्डूच्या बाबाची रेघ हाये. दिवाळीत हिचा पट्टा याच्या दोन बोटं पुढं गेला होता. हिची मान त्याच्यायेवढी काऊन झाली?”

“दोन जीवाची बाई हाये. सूज येतेच. मलेही येत होती.”

“पायाले येते, मावशी.” रुख्मा खाली बसली आणि तिनं चंदाचं तोंड आपल्याकडे वळवलं. डोळ्यांच्या पापण्या फुगल्या होत्या, बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. “चंदा, डोळ्यांपुढं काई होते का?”

“काजवे चमकून राहिले, काकू,” चंदा म्हणाली. “सकाळपासून.”

सकाळपासून सून घरात होती आणि हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. हर्षा मॅडमनी काय सांगितलं होतं ते रुख्मानं सुशिलाबाईंना दोन वाक्यांत सांगितलं. ते ऐकून त्या अनवाणीच उठल्या, अंगणात गेल्या आणि मळणीचं यंत्र बंद करायला लावलं. ऐन मळणीत यंत्र थांबवणारी त्या गावातली ती पहिलीच बाई असावी. अंगावर कोंडा घेऊन स्वप्निल धावत आत आला. गोवर्धननं कुणाची तरी गाडी आणली.

जवळच्या दवाखान्यात सिस्टरनी बीपी मोजलं, मग दुसऱ्या हातावर पुन्हा मोजलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. बीपी फार वाढलेलं होतं. इंजेक्शन दिलं आणि लगेच अँब्युलन्सनं गोंदियाला पाठवलं. डॉक्टर स्वप्निलला म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर हिला झटके आले असते, मग आई आणि बाळ दोघांचंही सांगता आलं नसतं. मानेला काही झालेलंच नव्हतं. हे बीपीचं दुखणं होतं आणि मी त्यावर गुंडाळलेलं एक फडकं होतो.

मला काढून सुशिलाबाईंच्या हातात दिलं होतं. गोंदियापर्यंतच्या रस्त्यावर त्या माझी पट्टी उघडत होत्या आणि लावत होत्या. चर्र, चर्र. आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी सोबतची नर्स म्हणाली, “आजी, तो आवाज बंद करा, पेशंटला त्रास होतो.” त्यांनी मला पदराखाली घेतलं. पदर ओला होता.

त्याच दिवशी बाळाला बाहेर काढावं लागलं. मुलगी झाली, वेळेआधीची, बारकीशी. तिला बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. चंदाचं बीपी हळूहळू उतरलं. धान विकून झालं, थंडी सरत आली, तेव्हा मायलेकी घरी आल्या.

आता माझं फिरणं कमी झालं आहे. कुणी मला मागायला आलं की रुख्मा आधी दहा प्रश्न विचारते. पडलात का? कुठे दुखतं? दवाखान्यात दाखवलं का? बाई पोटुशी असेल तर मी खुंटीवरच राहतो आणि रुख्मा तिला घेऊन बीपी मोजायला निघते. शालीकराम मागच्या आठवड्यात आला होता, तोही प्रश्न ऐकून परत गेला. पूर्वी मला याचं वाईट वाटलं असतं.

परवा चंदा मुलीला घेऊन आमच्याकडे आली. खुंटीवर मला पाहून थांबली. रुख्मानं मला काढलं, तिच्या गळ्याला लावलं आणि मागे जाऊन पाहिलं. माझं टोक रेघ ओलांडून दोन बोटं पुढे गेलं होतं. रुख्मानं त्यावरून अंगठा फिरवला.

“आली,” ती म्हणाली. “सारसाची मान परत आली.”

मित्रांनो, मी मानेचा पट्टा आहे, तेवढाच. लचकलेली मान माझ्याकडे द्या, मी ती जीव लावून सांभाळीन. पण घरातलं कुणी डोकं धरून भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर मला शोधू नका. आधी त्या माणसाचं तोंड आपल्याकडे वळवा, नीट पाहा आणि काय होतंय ते विचारा. मी इथेच खुंटीवर आहे. मला घाई नाही.