परवान्यावरचं वजन

माझ्या नवऱ्याचं वजन एकशे पासष्ट पौंड आहे, असं कॅन्सस राज्याचं म्हणणं आहे. त्याच्या गाडी चालवायच्या परवान्यावर तसं छापलंय. व्हर्लिनने हा आकडा बाविसाव्या वर्षी खिडकीतल्या बाईला सांगितला, आणि तेव्हापासून दर नूतनीकरणाला तिने "काही बदल?" विचारलं की तो "काही नाही" म्हणतो. आता तो त्रेपन्न वर्षांचा आहे. स्वयंपाकघरातल्या एका स्टुलाने मध्ये एकदा खरं सांगून टाकलं. ते आम्ही शेकोटीत घातलं.

हे सगळं सांगायचं कारण आमची गाडी. लाल, दोन माणसांची, छप्पर मागे पाडता येणारी मियाटा. उन्हाळ्यात दर दुसऱ्या शनिवारी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर आमचा क्लब नारिंगी शंकू मांडतो. त्यांच्यामधून एका वेळी एक गाडी सुटते आणि घड्याळ चालू होतं. शंकू पाडला की दोन सेकंद दंड. आपल्या फेऱ्या झाल्या की उन्हात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले शंकू उभे करायचे. नऊ वर्षं व्हर्लिन दरवर्षी दुसरा येत होता. पहिला ड्वाइट उनरू. हा गावच्या धान्यकोठारावर काम करतो आणि चर्चमध्ये आमच्या पुढच्याच बाकावर बसतो. शनिवारी त्याच्याकडून हरायचं आणि रविवारी तासभर त्याची मान बघत प्रार्थना करायची.

गाडीच्या पोटाखाली स्वे बार नावाची पोलादी सळई असते. ती डावं चाक उजव्या चाकाशी जोडते, म्हणजे वळणावर गाडी एका अंगावर झुकत नाही. ती जुळवायची ती चालवणारा जागेवर बसलेला असताना. त्याच्या वजनाने गाडी दबायची तेवढी दबली, की सळईला पीळ उरता कामा नये. जोडाचा बोल्ट नुसत्या बोटांनी आत सरकला, म्हणजे जमलं. पण पाना व्हर्लिनच्या हातात आणि व्हर्लिन गाडीखाली. मग जागेवर कोण बसणार?

"लिओटा, तुझं वजन किती गं?" पहिल्या वर्षी त्याने खालून विचारलं.

"एकशे पासष्ट."

"अरे वा! म्हणजे माझ्याइतकंच!"

तो विषय तिथेच संपला. नऊ वर्षं मी दर हंगामाला जागेवर बसले, आणि गाडी नऊ वर्षं डावीकडे झकास वळली. उजवीकडे मात्र नाक बाहेर काढून सरळ जायची आणि एखादा शंकू घेऊनच थांबायची. व्हर्लिनने टायर बदलले. जाड सळई आणली, मग त्याहून जाड. वाऱ्यालाही दोष देऊन झाला. आमच्याकडे वारा भरपूर आहे, पण तो काही फक्त उजव्या वळणावर वाहत नाही.

मला तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो; तो गाडीतून उतरला की डावी बाजू चांगली दोन बोटं वर यायची. मी उतरले की तेवढी हलायची नाही. तरी मी गप्प बसले. एखाद्या माणसाने एवढी वर्षं जिवापाड सांभाळलेला आकडा बायकोनेच काढून घ्यायचा म्हणजे काय?

यंदा मात्र त्याने जाहीर करून टाकलं. शेवटच्या शनिवारी पहिला आलो नाही, तर गाडी विकणार. विचिटाचा एक दंतवैद्य ती बघायला धावपट्टीवरच येणार होता. मला गाडी जायला नको होती. आठवडाभर मी शाळेची बस चालवते, तो गोठ्यात असतो, आणि जेवताना आम्ही दोघं हवामान ऐकतो. त्या गाडीमुळे आम्ही एकमेकांशी बोलायचो. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

आदल्या दिवशी जागेवर बसून मी थोडा धीर केला. "व्हर्लिन, एकदा तू स्वतः इथे बसून बघ ना."

"मग खाली कोण येणार? ड्वाइट?"

"मी येते की."

"हलू नकोस गं. बोल्ट कसा बघ, लोण्यासारखा गेला."

शनिवारी तो ड्वाइटच्या चार दशांश सेकंद मागे राहिला. उजव्या वळणावर. आम्ही गाडीच्या मागे बसून चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, खाल्ली आणि त्याबरोबर दालचिनीचा रोल. ड्वाइट आपला रोल घेऊन आला.

"गाडी विकतोयस म्हणे? अरे, मग मी हरवू कुणाला?"

"दंतवैद्याला," व्हर्लिन म्हणाला.

मी हात पुसले. "दुपारी बायकांच्या फेऱ्या आहेत. गाडी जायच्या आधी एकदा मी चालवते."

"तू?"

"चाळीस फुटी बस शंकूंमधून उलटी काढून दाखवली, तेव्हा मला नोकरी लागली."

"बसचं वेगळं असतं."

"हो. बसमध्ये मागून चव्वेचाळीस पोरं ओरडत असतात."

त्याने किल्ली दिली. दुपारी शंकू उचलायची पाळी त्याची होती, आणि त्याला नेमकं ते उजवं वळण मिळालं होतं. मी निघाले तेव्हा तो तिथे टोपी घालून उभा होता. डावं वळण झालं. मग उजवं आलं. मी चाक फिरवलं आणि गाडी निमूट फिरली. नाक नाही, शंकू नाही, काही नाही. व्हर्लिन तीन पावलं मागे सरकला होता, सवयीने. मला इतका आनंद झाला की पुढच्या वळणाला मी मोठ्याने हसत होते, आणि लगेच वाईटही वाटलं, कारण त्याने ते पाहिलं होतं.

माझी वेळ त्याच्यापेक्षा पूर्ण एक सेकंद कमी निघाली. म्हणजे ड्वाइटपेक्षाही कमी. ड्वाइट त्या फलकाकडे बघत राहिला, रोल हातात तसाच.

व्हर्लिन परत आला तेव्हा एक शंकू त्याच्या काखेत तसाच होता.

"मी घेतो गाडी," दंतवैद्य म्हणाला.

"विकायची नाही."

"पण फोनवर तर तुम्ही..."

"गाडीत काही दोष नाहीये," व्हर्लिन म्हणाला. दंतवैद्याला यातलं काही कळलं नाही. तो विचिटाला परत गेला.

घरी येताना चाळीस मैल आम्ही रेडिओवर हवामान ऐकलं. आमच्या कच्च्या रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"सहा वर्षं."

"हं."

महिन्याभराने परवान्याचं नूतनीकरण आलं. मीही गेले, कारण वाटेत कोंबड्यांचं खाद्य घ्यायचं होतं. खिडकीत तीच बाई होती. मान वर न करता तिने विचारलं, "काही बदल?"

व्हर्लिनने जुना परवाना बोटांत उलटसुलट फिरवला. मागे रांगेत कुणीतरी खोकलं.

"दोनशे सदुसष्ट," तो म्हणाला.

बाईने मान वर केली. "अं?"

"पौंड. लिहा."

तिने लिहिलं. शनिवारी त्याने गाडी चार ठोकळ्यांवर चढवली. मी सवयीने दार उघडून बसायला गेले.

"तू नाही," तो म्हणाला आणि स्वतः आत शिरला. जागा करकरली. त्याने पाना माझ्या हातात दिला आणि समोर काचेतून बघत राहिला. मी गाडीखाली गेले. बोल्ट जाईना. जोड अर्धा आटा फिरवला, मग एक, मग दीड. तेव्हा तो दोन बोटांनी आत सरकला.

"किती?" वरून आवाज आला.

"दीड आटा."

नऊ वर्षं आणि तीन सळया, हा हिशोब त्याला करू दिला.

"आणि तू चालवशील तेव्हा?"

"तेव्हा दीड आटा उलटा."

"लिहून ठेवायला पाहिजे. विसरायला होईल."

तो उतरला. गाडी डावीकडून वर आली, आणि या वेळी आम्ही दोघांनीही तिकडे बघितलं. त्याने भिंतीवर खडूने आपलं नाव लिहिलं, पुढे दोनशे सदुसष्ट. खाली माझं नाव लिहिलं आणि पुढे एक, सहा असे आकडे काढायला लागला.

"थांब," मी म्हणाले. "पुसून टाक ते. एकशे अठ्ठ्याऐंशी."