मेंढ्यांखालचं शेवाळ

पान तांदळाच्या दाण्याएवढं. फूल त्याहून बारीक, पानाच्या पाठीला चिकटलेलं, तांबूस. माहीत नसेल तर दिसायचं नाही. एदिल्माला माहीत होतं. डोंगरावरच्या जुन्या ओकपाशी ती रोज जायची, धुक्यातच, आणि फांदीला नाक लावून ते ऑर्किड पाहायची.

ते तिच्या लेकीनं, यानेतनं, तिथं बांधलं होतं. वादळात पडलेल्या झाडावरून उचललं, शिवणाच्या दोऱ्यानं या फांदीला गुंडाळलं. "मुळं धरेपर्यंत कुणाला सांगू नकोस हं, आई."

मुळं धरली.

यानेत तापानं गेली.

(मधली दोन वर्षं. नवऱ्यानं, ओव्हिदिओनं, लेकीचे कपडे चर्चमध्ये देऊन टाकले. घरात कुणी तिचं नाव काढलं की तो ताटावरून उठायचा. म्हणून एदिल्मानं त्याला फांदीचं कधी सांगितलं नाही. कोरड्या महिन्यांत तेवढं पाणी शिंपडत राहिली. ऑर्किडभोवतीचं शेवाळ उशीसारखं फुगलं.)

डिसेंबरात ती दोन दिवस बहिणीकडे गेली. परतली तर दारातच नणंद, नुबिया.

"वहिनी, डोळे मिटा! नाही, आधी पाय पुसा. मग मिटा."

आत टेबलावर बाळ येशूचा गोठा मांडलेला. दोन नाताळ झाले, या घरात गोठा नव्हता. आरशाच्या तुकड्याची नदी, मातीच्या मेंढ्या, आणि खाली सगळीकडे शेवाळ. हिरवंगार, जाड.

"माझा दादा स्वतः डोंगरावर गेला," नुबिया म्हणाली. "मी म्हटलं, घसरलास तर तुलाच गोठ्यात निजवू."

"एका फांदीत पोतं भरलं!" ओव्हिदिओ म्हणाला. "जुन्या ओकच्या. काल दिवसभर पत्र्यावर उन्हात टाकलं, मुंग्या जाव्यात म्हणून. एवढं दाट शेवाळ मी जन्मात पाहिलं नाही. कशानं वाढलं असेल गं?"

एदिल्मा वाकली. नदीकाठची एक मेंढी उचलली. खाली दोरा होता. दोऱ्यात काळी पडलेली पानं, चुरगळलेली. बोट लावलं तर भुगा झाला.

आता सांगावं. तोंड उघडलंच होतं तिनं.

"यानेत मेंढ्यांची तोंडं भिंतीकडे करायची," ओव्हिदिओ म्हणाला. "आठवतं? म्हणायची, बाळ झोपलंय, बघू नका."

नुबियाच्या हातातला मातीचा मेंढपाळ तसाच राहिला. ओव्हिदिओ उठला नाही. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता.

"अहो..." एदिल्मा म्हणाली.

"काय? आवडलं नाही?"

"आवडलं."

"पुढच्या वर्षीही तिथूनच आणतो. वाढेल ना तोवर?"

"वाढेल," ती म्हणाली. मेंढी होती तिथंच ठेवली. तोंड भिंतीकडे केलं.