नावं ठेवणारं गिऱ्हाईक

आमचं जुन्या फर्निचरचं दुकान आहे, आणि त्या दुकानाने मला दोन गोष्टी दिल्या: कंबरदुखी आणि संशयी स्वभाव. कंबर शेकली की दुखायची थांबते. स्वभावाला औषध नाही.

बाबांचा धंद्यातला नियम एकच. मालाला नावं ठेवणारं गिऱ्हाईक माल घेऊन जातं. "दार कुरकुरतंय, रंग उडालाय, हा खण अडकतोय" अशी कुरकुर सुरू झाली की बाबा खूश. त्या माणसाला बसायला खुर्ची मिळते, लगेच पाणी मिळतं. पण कोणी टेबलावर हात फिरवत म्हणालं, "वा, काय लाकूड आहे हो, असं आता मिळत नाही," की बाबा फडकं घेऊन दुसरीकडे पुसायला निघून जातात. कौतुक केलं की माणूस मोकळा होतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो, असं त्यांचं म्हणणं.

हा नियम दुकानाचं शटर ओढलं तरी आमच्या मागे घरापर्यंत येतो. बाबा जेवताना "मीठ कमी आहे" म्हणाले की आई समजते, आवडलंय. आणि मी पहिली आले तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "अक्षर असं का?"

पदवी झाल्यावर मी वर्षभर दुकानात बसले. मालाचे नीट फोटो काढून फोनवरून इंटरनेटवर टाकायला लागले, तशी लांबलांबून माणसं यायला लागली. पण मला त्या चार भिंतींत म्हातारं व्हायचं नव्हतं. मी बिझनेस स्कूलला अर्ज केला, तोही एकाच ठिकाणी. इथे जमलं तर शिक्षण, नाही तर जन्मभर कपाटं. बाबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत, आणि त्यामुळेच मला वाटायचं की कुठेतरी पाणी मुरतंय.

मुलाखतीच्या सकाळी मी तयार होऊन बाहेर आले, तर बाबांनी मला कपाटासारखं खालपासून वरपर्यंत तपासलं.

"शर्ट ढगळ आहे."

"असू दे, बाबा."

"बूट वाजतात. टकटक, टकटक. आणि तू भरभर बोलतेस, समोरच्याला अर्धं कळत नाही."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एवढी नावं ठेवतायत म्हणजे मला सोडायची इच्छा नाही. माझा धीर खचावा, मी मुकाट परत येऊन दुकानात बसावं, असाच डाव असणार. मला त्यांचा खरंच राग आला. त्यांनी सोडायला टेम्पो काढला होता, तरी मी बसने गेले.

तिथे बाहेरच्या खोलीत आम्ही सातआठ जण बसलो होतो. तिथल्या शिपायाने न मागता पाणी आणून दिलं. हे का? ग्लास कसा धरतो ते बघतात की काय? मी दोन्ही हातांनी धरला, मग ते फार बाळबोध वाटलं म्हणून एका हाताने धरला आणि शर्टावर सांडलं. शेजारचा लाल टायवाला मुलगा हसून म्हणाला, "घाबरू नका, तुमचं नक्की होणार. चेहऱ्यावरच दिसतंय." ओळख ना पाळख, आणि कौतुक! हा नक्की यांनीच पेरलेला असणार. मी त्याच्याकडे पाठ करून बसले. नंतर तो आत जाताना कुणीतरी त्याला शुभेच्छा दिल्या, तेव्हा गडबडीत तो भलत्याच दाराकडे वळला. पेरलेला माणूस कशाला गडबडेल? पण तेव्हा माझ्या हे लक्षात आलं नाही.

मला आत बोलावलं. मोठं टेबल, पलीकडे दोघं. एक टक्कल पडलेले प्राध्यापक, आणि एक कुठल्याशा कंपनीतल्या मोठ्या पदावरच्या बाई. माझे बूट दारापासून खुर्चीपर्यंत वाजले.

"तुमचा अर्ज मला फार आवडला," बाई म्हणाल्या. "एका वर्षात दुकानाचा चेहराच बदललात की!"

झालं. या घेत नाहीत.

"दुसऱ्या वर्षी मार्क का घसरले?" प्राध्यापकांनी चष्म्यावरून विचारलं.

हे घेणार! मला एकदम हुरूप आला. मी सांगितलं. ते म्हणाले, "फोटो टाकले आणि माणसं आली, यात तुमचं डोकं कुठे दिसतं?" मी आणखी खुलले. ते जितके खोड काढत गेले, तितकी मी त्यांच्याकडे सरकत गेले. बाई मधे काही विचारायच्या, "किती छान" म्हणायच्या, आणि मी त्यांना दोन शब्दांत गुंडाळून परत सरांकडे वळायचे.

शेवटी बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी काही चुकीचं बोलले का? तुम्ही माझ्याकडे बघतच नाही."

"तुम्ही मला घेणार नाही, म्हणून," मी बोलून गेले.

जीभ चावून काही उपयोग नव्हता, म्हणून मी सगळं सांगून टाकलं: कपाट, नावं ठेवणारा, कौतुक करणारा, खुर्ची, पाणी, फडकं. बाई मनापासून हसल्या. "म्हणजे मी रिकाम्या हाताने जाणारं गिऱ्हाईक!"

प्राध्यापक हसले नाहीत. "कौतुक करणाऱ्याला तुम्ही खुर्ची देत नाही?"

"नाही."

"मग तो घेत नाही म्हणून खुर्ची नाही, की खुर्ची नाही म्हणून तो घेत नाही?"

मला एक आजी आठवल्या. लिहायच्या टेबलाची कड त्या किती वेळ कुरवाळत होत्या. मग त्यांनी बसायला कुठे काही आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. खुर्च्यांनी भरलेलं दुकान, आणि आम्ही त्यांना बसा म्हटलं नव्हतं. त्या गेल्यावर बाबा म्हणाले होते, "बघितलंस?"

"माहीत नाही, सर," मी म्हटलं. "आम्ही कधी करूनच बघितलं नाही."

"वर्षभर होतात की तिथे."

बाहेर पडताना बाई म्हणाल्या, "छान बोललात." खरं की खोटं, कशाचाच पत्ता लागेना. इतकी वर्षं ज्या नियमाने माणसं ओळखली, तोच सैल झाला होता.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते चिडले. "त्या सरांना म्हणावं, एक दिवस माझ्या जागी उभे राहा." मग जरा वेळाने, "बूट वाजले ना?"

"वाजले."

"म्हटलं होतं."

निकाल लागला त्या दुपारी आम्ही दोघंच दुकानात होतो. बाबा एका टेबलाचा खण काढून त्याच्या कडांना मेणबत्ती घासत होते, म्हणजे तो अडकत नाही. माझा फोन वाजला. मी वाचलं, परत वाचलं, आणि मोठ्याने म्हटलं, "बाबा, घेतलं मला."

मेणबत्ती थांबली.

"वा," बाबा म्हणाले. "छान झालं. फार छान. हुशार आहेस तू."

आख्ख्या आयुष्यात त्यांनी मला हे कधी म्हटलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. मुलाखतीच्या सकाळच्या त्या शर्टाचा आणि बुटांचा अर्थ मला तेव्हा नीट कळला, आणि या कौतुकाचाही. बाबांनी मला सोडून दिलं होतं. ते हात पुसत उठले, माझ्याकडे न बघता फडकं उचललं आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला निघाले.

"बाबा," मी म्हटलं आणि जवळची एक खुर्ची पुढे ओढली. "बसा ना."

ते थबकले. खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या दुकानात खुर्चीचा अर्थ त्यांच्याहून चांगला कोणाला माहीत असणार? ते सावकाश येऊन बसले. फडकं मांडीवर ठेवलं आणि त्याची घडी करत राहिले.

"ते बूट बदल," ते म्हणाले. "तिथे काय रोज टकटक करत जाणार?"

"बदलते."

"आणि बोलणं जरा हळू."

"हो."

"आणि कुठे गेलीस की फोन करत नाहीस. ती एक फार वाईट खोड आहे तुझी." फडक्याची घडी त्यांनी पुन्हा मोडली.

मी आत गेले आणि त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले.