अष्टमीला उजळलेले दात

तुमचे दात किती पांढरे आहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आरशाने? आरसा माणसाचं मन राखतो. खरं काय ते मी सांगते. मी रंगपट्टी बोलतेय.

माझं नाव तुमच्या ओळखीचं नसेल, पण दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसला असाल तर मी तुमच्या ओठांपर्यंत येऊन गेले असेन. एका पत्र्याच्या पट्टीवर ओळीने लावलेले चिनीमातीचे सोळा दात, म्हणजे मी. मला हिरड्या नाहीत, जीभ नाही, गाल नाहीत. नुसते दात. लहान मुलं मला बघून रडतात, आणि मोठी माणसं हसतात, पण तोंड मिटून.

माझ्या सोळा दातांत सोळा रंग आहेत. सगळ्यात उजळ तो बी-वन आणि सगळ्यात काळवंडलेला तो सी-फोर. डॉक्टर मला माणसाच्या दाताशेजारी धरतात आणि जो रंग जुळेल तो कागदावर लिहितात. दिव्याच्या उजेडात मी थोडी फसते. खिडकीतल्या सकाळच्या उजेडात मात्र कधीच नाही.

परदेशातल्या कुठल्याशा भट्टीत मी भाजून निघाले आणि परळला डॉ. सौमित्र यांच्या दवाखान्यात आले. तिथे मला रोज पुसायची ती मेघना. लालबागच्या चाळीत वडिलांबरोबर राहणारी, पस्तिशीची, कमी बोलणारी. अकरा वर्षं ती मागच्या खोलीत अवजारं धूत होती. औषधाच्या पाण्याने तिच्या बोटांची सालं निघाली होती. काउंटरवर बसायला मिळावं एवढंच तिचं मागणं होतं. तिथे पगार जास्त, बसायला खुर्ची, आणि लोक ‘मॅडम’ म्हणतात.

काउंटरवरची स्पृहा जेवायला गेली की दर सांगायचं काम मेघनाकडे यायचं. ते तिला पाठ होते. एकदा एक म्हातारे चौकशीला आले.

“नाना, नुसतं क्लीनिंग केलंत तर पंधराशे. त्याने डाग जातील, दाताचा मूळ रंग तोच राहणार.”

“आणि तो पिच्चरवाल्यांसारखा पांढरा पाहिजे असेल तर?”

“मग दोन प्रकार. तुमच्या मापाचा ट्रे बनवून देतो, त्यात जेल भरून पंधरा दिवस घरी लावायचं, त्याचे आठ हजार. नाहीतर इथे खुर्चीत बसून लाईटचं, एका तासात काम, पंधरा हजार. दातावर पातळ पापुद्रा चिकटवायचा तर एका दाताला बारा हजार. आणि बसवलेला दात असेल तर तो पांढरा होत नाही हं, आधीच सांगते.”

“एका दाताला बारा? अगं, एवढ्यात माझं बारसं, मुंज, लग्न सगळं उरकलं होतं!”

“मग क्लीनिंगच करा, नाना.”

इतक्या वर्षांत मी एक पाहिलं आहे. माणसं दुखणारा दात महिनोन्महिने सहन करतात, पण पिवळा दात त्यांना एक लग्नही सहन होत नाही.

मेघनाची आई लक्ष्मी एकदाच दवाखान्यात आली होती, दाढ दुखली म्हणून. जन्मभर मिश्री लावणारी बाई. भाजलेल्या तंबाखूच्या त्या पुडीने तिच्या हिरड्यांलगत काळी किनार धरली होती. डॉक्टरांनी मला धरलं आणि सी-फोर लिहिलं. तिच्या पुढच्या दोन दातांत बारीक फट होती, अगदी मेघनासारखी. डॉक्टरांनी दातांचा जवळून फोटो काढला तेव्हा ती खळखळून हसली.

“माझो फोटो कित्याक काढतास? मी काय हिरॉइन आसंय?”

बाहेर बसलेल्या एका पेशंट बाईने मेघनाला विचारलं, “कोण गं या? तुझ्या कोण लागतात?”

मेघना माझ्यावरून कापूस फिरवत होती. तिचा हात थांबला नाही. “ओळखीच्या आहेत,” ती म्हणाली.

दार उघडंच होतं. लक्ष्मीचं हसणं मिटलं. त्यानंतर ती कधी दवाखान्यात आली नाही, आणि वर्षभरात गेलीच. नवरा मागे राहिला आणि ती पुढे गेली, म्हणून तिचं पान पितृपक्षात अविधवा नवमीला वाढायचं ठरलं. पहिल्या वर्षी वाढलं तेव्हा कावळ्याने वाट पाहायला लावली नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी डॉक्टरांनी प्रभादेवीला दुसरा दवाखाना काढायचं ठरवलं. पितृपक्षात दात उजळायला कुणी येत नाही, खुर्ची रिकामी पडते. अष्टमीच्या दिवशी त्यांनी मेघनाला बोलावलं.

“मेघना, नव्या जागी काउंटरला तू बसायचंस. पण तिथे बसणाऱ्याचे दात म्हणजे आपली जाहिरात. आज लाईटचं करून टाकू, तुझे पैसे नाही घेणार. परवा सकाळी फोटो काढू. आधीचे दात आणि नंतरचे दात, असा मोठा फलक लावायचाय.”

“सर, पण माझे आधीचे काही इतके खराब नाहीत.”

“तेच ना. फरकच दिसणार नाही.” डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर एक फोटो उघडला. पडदाभर नुसतं तोंड. काळी किनार, मधली फट. “हा बघ. दातांची ठेवण अगदी तुझ्यासारखी. आधीचा म्हणून हा लावू, नंतरचा तुझा. खाली नाव थोडंच लिहायचंय?”

ते तोंड कुणाचं, हे डॉक्टर विसरले होते. मेघना विसरली नव्हती. ती माझ्यावरून कापूस फिरवत राहिली, आणि डॉक्टरांनी तोच होकार धरला.

तासाभराने मला तिच्या दातांशी धरलं तेव्हा बी-वन जुळला. एकाच बैठकीत एवढा उजळ रंग मी फारसा पाहिला नव्हता.

“दोन दिवस फक्त पांढरं खायचं,” डॉक्टर म्हणाले. “चहा नाही, हळद नाही, मसाला नाही. आत्ता दात स्पंजसारखे आहेत, जे लागेल ते ओढून घेतील. ही पट्टी घरी घेऊन जा आणि खिडकीत उभी राहून रंग लिहून ठेव.”

अशी मी लालबागच्या चाळीत आले.

दुसऱ्या दिवशी नवमी. पानावर वाढलेलंच घरच्यांनी प्रसाद म्हणून खायचं असतं, ते टाळता येत नाही. म्हणून मेघनाने आईचं सगळं पानच पांढरं केलं. भात, दही, तांदळाची खीर, मुळ्याची कोशिंबीर. तिचे वडील गुणाजी पानाकडे बघत राहिले.

“आवशीच्या पानार काळ्या वाटाण्याचा सांबारा नाय? वडे नाय? मिशेरी खंय? ह्या पान तिचा की तुझ्या पेशंटाचा?”

“बाबा, मला तेच खायचंय ना नंतर. दोन दिवसांचा प्रश्न आहे. आई समजून घेईल.”

गच्चीवर पान ठेवलं. मी तिच्या गळ्यातल्या पिशवीत होते, पिशवीचं तोंड उघडं. आजूबाजूला आणखी तीन घरांची पानं होती. कावळे उतरले, तिन्ही पानांना शिवले, आणि मग कठड्यावर एका रांगेत बसले. चोची उघड्या ठेवून. एकही ओरडत नव्हता. सगळे मेघनाच्या तोंडाकडे बघत होते.

बारा वाजले, एक वाजला. शेजारचा दीपक खाली जाता जाता म्हणाला, “मेघनाताई, कायतरी राहिलंय काकूंचं. बोल ना त्यांना, काय पाहिजे ते. माझ्या आजीला गॅसचं सिलिंडर कबूल केलं तेव्हा कावळा आला.”

मेघनाने हात जोडले. “आई, बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन करीन मी.”

कावळे हलले नाहीत.

“वर्षाला गावी जाऊन देवाला नारळ देईन.”

नाही.

तेवढ्यात मला वास आला. भाजलेल्या तंबाखूचा. आदल्या संध्याकाळी मला स्पिरिटने स्वच्छ पुसलं होतं, आणि गच्चीवर कुठेही चूल नव्हती. माझा शेवटचा दात, सी-फोर, भर उन्हात गार पडला होता.

मेघनाने उलट्या हाताने ओठ पुसले. ही तिची सवय नव्हे, मिश्री लावणाऱ्या बायकांची. हाताला काळं लागलेलं बघून ती दचकली, जिना उतरून खोलीच्या खिडकीशी आली आणि आरशासमोर मला दातांशी धरलं. वरच्या सुळ्याला हिरडीलगत काळी रेघ होती, केसाएवढी. तिने ब्रश घेतला, घासलं, चूळ भरली. रेघ शेजारच्या दातावर आली. पुन्हा घासलं. आता ती चार दातांवर होती. तिने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, हे मी स्वतः सांगते. मी एकेक दात जुळवून बघितला. बी-वन कुठेच जुळेना. जुळत होता तो फक्त सी-फोर.

“बाबा, बघा ना, हे काय झालंय मला?”

गुणाजींनी तिचं उघडं तोंड पाहिलं. मग त्यांच्या हातातली काठी खाली पडली.

“लक्षुमी?” ते हळूच म्हणाले. “इतक्या दिवसांनी हसलंस गो.”

मेघना हसत नव्हती.

ती तशीच गच्चीवर गेली. मागोमाग कठड्याला धरत गुणाजी. त्यांनी बायकोच्या कपाटातली मिश्रीची जुनी डबी आणली होती. चिमूटभर पानावर ठेवली. एक कावळा उडून पानाजवळ आला, वाकला, आणि न शिवताच मागे सरला.

“कावळो शिवाक नाय,” गुणाजी म्हणाले. “तुका काय व्हया ता सांग गो, लक्षुमी. पोरीक कित्याक छळतंस?”

मेघना गुडघ्यांवर बसली.

“आई,” ती म्हणाली, “मी तुला ओळखीची म्हटलं. तू ऐकलंस, मला माहितीये. आता तुझं तोंड ते भिंतीवर टांगणार, माझं म्हणून. मी नाही तसं होऊ देणार. ते माझ्या आईचे दात आहेत, असं मी सगळ्यांसमोर सांगेन. मला खुर्ची नाही मिळाली तरी सांगेन.”

कावळा आला. त्याने आधी मिश्रीला चोच लावली, मग भाताला. मग बाकीचेही उतरले आणि एकदम कलकलाट झाला.

खाली आल्यावर मेघनाने वाटाणे शिजवले, वडे तळले आणि वडिलांसोबत पोटभर जेवली. वर कोरा चहा घेतला. संध्याकाळचा रंग लिहायचा होता, पण तिने मला उचललंच नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी रंग मोजायचं यंत्र घेतलं, आणि मी ड्रॉवरमध्ये पडून असते. यंत्र आकडा सांगतं, चुकत नाही म्हणतात. पण वास त्याला येत नाही. माझी एवढीच विनंती आहे, दात खुशाल उजळा, पैसे तुमचे आणि तोंडही तुमचं. फक्त कुणाचं हसू आपल्या पायी मिटलं असेल, तर ते माणूस जिवंत असेपर्यंत बोलून टाका. नंतर बोलायला कावळ्याची वाट पाहावी लागते.

त्या नवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला मेघनाच्या दातांशी धरलं, तेव्हा काळी रेघ नव्हती आणि सगळे दात बी-वन होते. “परफेक्ट, बस फोटोला,” ते म्हणाले. मेघना उभीच राहिली आणि बाहेर बसलेल्या पाच पेशंटना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “सर, तो आधीचा फोटो माझ्या आईचा आहे, तो मी लावू देणार नाही.” डॉक्टरांनी तो पुसून टाकला, प्रभादेवीच्या काउंटरला स्पृहाचं नाव लिहिलं, आणि मेघना मागच्या खोलीत अवजारं धुवायला गेली.