दमिएत्तातला सर्वांत एकटा माणूस

वजीहच्या घरात अकरा माणसं राहत आणि त्यांतली दहा सतत बोलत. अकरावे म्हणजे आजोबा, हाज अबुल-मआती. बोलायची हौस त्यांनाही होती, पण त्यांची पाळी येईपर्यंत विषय संपलेला असे, आणि नवा विषय काढावा तर तो मुनीरा आत्यानं आधीच काढलेला असे. म्हणून ते संध्याकाळी कहवाखान्यात जाऊन बोलत.

वजीहचे वडील, उस्ता सब्री, सोनेरी मुलाम्याच्या खुर्च्या करत. दमिएत्ता हे इजिप्तमधलं फर्निचरचं गाव, तिथे खुर्च्या सगळेच करतात. बसायला माणसं कुठून आणायची हाच प्रश्न असतो. वजीह आधी या खुर्च्यांचे फोटो काढायचा. मग त्याला शोध लागला की खुर्चीपेक्षा ती करणाऱ्या हातांचा फोटो जास्त खपतो. परदेशातल्या एजन्सीच्या साइटवर फोटो चढवायचा, मग जगातल्या कुणीही, कशाहीसाठी तो विकत घ्यावा. कुणी घेतला हे कळत नाही, आपल्या खात्यात फक्त चिल्लर पडते. पटाशी धरलेले सब्रीचे हात अशा रीतीनं इतके देश फिरून आले होते की शेजारच्या मन्सूराच्या पुढे कधी न गेलेला सब्री जेवताना त्यांच्याकडे जरा आदरानं बघू लागला होता. आई नजातची, द्राक्षाच्या पानात भात गुंडाळणारी बोटं तर क्लिपच्या रूपानं कोरियात पोहोचली होती.

एजन्सीला फोटोत कुठल्या कंपनीचं नाव दिसलेलं चालत नाही. वजीहनं घरातल्या यच्चयावत बाटल्या-डब्यांवरची लेबलं खरवडून काढली. त्यानंतर चहात काय पडेल याचा नेम राहिला नाही, आणि मुनीरा आत्यानं केसांना लावलेल्या तेलामुळे सबंध गल्लीला तळलेल्या माशाची भूक लागली.

अशात एजन्सीचं पत्र आलं: गिऱ्हाइकांना सध्या वृद्धांच्या एकाकीपणाचे फोटो हवे आहेत.

वृद्ध घरात होताच. एकाकीपण मात्र त्या घरात औषधालाही नव्हतं. वजीहनं आजोबांना वरच्या खोलीतल्या खिडकीशी बसवलं आणि मागे वळून बघतो तर दारात सगळं घर जमलेलं.

"बाबा, अजून दुःखी व्हा!" सूर्यफुलाच्या बिया फोडत मुनीरा आत्या म्हणाली.

"होतोय गं. तुझ्या बिया कानात वाजतायत."

"आईला आठवा, म्हणजे रडू येईल."

"तिला आठवलं की मला हसू येतं. ती एकदा त्या बदकाच्या मागे गच्चीवरून..." बदकाची गोष्ट सगळ्यांना पाठ होती, त्यामुळे ती सांगायच्या आधीच सगळे हसले आणि आजोबा सगळ्यांत जास्त हसले. फोटो बोंबलला.

पुढे एका शुक्रवारी सगळं घर मायक्रोबस करून रास अल-बरला समुद्रावर गेलं. आजोबांचा गुडघा ऐन वेळी दुखू लागला, म्हणून सोबतीला वजीह मागे राहिला. बस वळणाआड गेली आणि गुडघा बरा झाला. त्यांनी स्वतः चहा केला, रेडिओ लावला, सबंध सोफ्यावर पाय पसरले.

"आजोबा, तुम्ही एकटे आहात. दुःखी आहात," वजीह कॅमेऱ्यामागून विनवत होता.

"एकटा आहे ना पोरा, म्हणूनच तर जमत नाहीये!"

दुपारभर वजीहनं सुखी म्हाताऱ्याचे फोटो काढले. शेवटी तो कंटाळला. तेवढ्यात आजोबा सहज खिडकीशी गेले. गल्लीच्या तोंडाशी मायक्रोबस वळत होती. बसच्या आधी मुनीरा आत्याचा आवाज पोहोचला. आजोबांनी चौकटीला हात टेकला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दुःख उतरलं की वजीहला कॅमेरा खाली घ्यावासा वाटला. बोट मात्र दाबायचं ते दाबलं त्यानं. पुढच्या क्षणी जिन्यावर नऊ माणसांचे पाय वाजले.

"कुणाला सांगू नकोस," आजोबा कुजबुजले. "तुझ्या आईला वाईट वाटेल. चांगली आहेत रे सगळी. फक्त... आहेत."

फोटो चढवताना त्याला कीवर्ड द्यावे लागतात, म्हणजे गिऱ्हाईक जे शब्द टाकून शोधेल ते. जितके जास्त तितकं बरं, असं सगळेच मानतात. वजीहनं लिहिलं: वृद्ध, खिडकी, एकटा, उदास, विधुर. मग शब्द आटले, पण जागा उरली होती. जागा फुकट घालवणं दमिएत्ताच्या रक्तात नाही. त्यानं लिहिलं: भुकेला, मुलांनी टाकलेला, सुनेनं छळलेला.

फोटो धो-धो चालला. कुठे म्हणे विमावाल्यांनी घेतला, कुठे डोळ्यांच्या थेंबांवाल्यांनी. आणि मग कैरोतल्या एका सेवाभावी संस्थेनं शोधताना नेमके "मुलांनी टाकलेला" हेच शब्द टाकले असावेत. कारण एका सकाळी दमिएत्ता जागं झालं तर नाईलवरच्या पुलापाशी, तीन मजले उंच, हाज अबुल-मआती उभे. खाली हातभर अक्षरं: याची मुलं कुठे आहेत?

"इथे आहे!" फलकाखाली उभा राहून सब्री ओरडला. "इथेच आहे की मी! खाली दुकानात असतो!" पण तीन मजले उंच बापापुढे मुलाचा आवाज तो केवढा.

गंमत अशी की हाजला सगळं गाव रोज बघत होतं. त्यांचं हसणं तीन गल्ल्या ऐकू जाई. पण छापलेल्या गोष्टीपुढे डोळ्यांचं काय चालतं? समोरच्या घरातली उम्म हिशाम ओढणीनं डोळे पुसत म्हणाली, "चाळीस वर्षं बघतेय मी हाजना. कायम हसत असतात. किती सोसलं असेल, कुणाला कळूसुद्धा दिलं नाही!" आणि घरी जाऊन तिनं कांदा भरलेलं अख्खं बदक शिजवून आणलं.

तिच्यामागून गाव आलं. बदकं आली, दूधभात आला, जिलेबीसारख्या मशब्बकचे पुडे आले, घोंगड्या आल्या. इतकी बदकं शिजली की मन्झाला सरोवरावर उतरणाऱ्या पक्ष्यांनी त्या वर्षी म्हणे वाट बदलली. खोटं वाटत असेल तर कुठल्याही कोळ्याला विचारावं. न्हाव्यानं सब्रीची अर्धी दाढी केली, वस्तरा थांबवला आणि विचारलं, "बापाला जेवायला घातलंस का?" उत्तर पटेना म्हणून उरलेली अर्धी तशीच ठेवली.

त्यात उम्म हिशामच्या कुवेतमधल्या मुलीनं तो फोटो एजन्सीच्या साइटवर हुडकला आणि कीवर्ड फोनवरून मोठ्यानं वाचून दाखवले. "सुनेनं छळलेला" ऐकताच नजातनं पायातली चप्पल काढली.

"आई, ते विक्रीसाठी लिहायचं असतं!"

"म्हणून आईला विकलीस?"

आजोबांना विचारावं तर ते बदकाचा पाय चघळत होते. "आजोबा, तुम्ही सुखी आहात असं गावाला सांगा ना."

"सांगतो की. पण या घरात पाय नेहमी पोरांना जातो रे, माझ्या वाट्याला मान येते. जरा दम धर."

वजीहनं एजन्सीवरून फोटो उतरवला. पण ज्यांनी विकत घेतला त्यांच्याकडे तो राहतोच, फलक काही हलेना. मग त्यानं आनंदी कुटुंबात बसलेल्या आनंदी आजोबांचे फोटो काढून पाठवले. एजन्सीनं ते नाकारले. कारण दिलं होतं: हावभाव विश्वसनीय वाटत नाहीत.

आणि तेव्हा वजीहच्या होणाऱ्या बायकोचा, इनासचा, फोन आला. येत्या गुरुवारी वजीहच्या घरचे तिच्या घरी फातिहा, म्हणजे कुराणातला पहिला अध्याय, वाचायला जाणार होते. दोन्हीकडच्यांनी हात वर करून फातिहा वाचली की शब्द पक्का, पोरगी आपली.

"बाबा रोज पुलावरून जातात," इनास म्हणाली.

"बरं मग?"

"मग काय, तुझे आजोबा रोज त्यांच्याकडे बघतात. ज्या घरात म्हाताऱ्याला टाकतात त्या घरात माझी पोर म्हातारी होणार नाही, असं म्हणाले. गुरुवारी तुम्ही यायचं नाही. तेच येणार आहेत, चौकशीला."

"इनास, तुला तर खरं माहीत आहे."

"मला सांगून काय उपयोग? त्यांना सांग."

तिथेच तर घोडं अडलं होतं. खोटं राहू द्यावं तर इनास जाते. खरं सांगावं, की आजोबा एकटे पडले म्हणून नव्हे, तुम्ही सगळे परत आलात म्हणून रडवेले झाले, तर आईनं आणि आत्यानं पुन्हा तोंड वर कसं करावं? वजीहनं दोन दिवस अन्न टाकलं. घरात बदकं इतकी होती की ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गुरुवारी इनासचे वडील, हाज फिक्री, आले. बुटके, गोल, गावातल्या सगळ्यांत मोठ्या दुकानात नवरानवरीच्या पलंगांचा धंदा करणारे. स्वतःच्या घरात सहा मुली, त्यांची आई, आईची आई आणि एक पोपट. वजीहच्या घरी पाऊल टाकताच त्यांना दिसलं ते असं: आजोबा मधोमध सोनेरी खुर्चीवर, पाठीशी तीन उशा, नजात वारा घालतेय, आत्या संत्र्याची फोड तोंडात कोंबतेय, सब्री पाय चेपतोय, एक नातवंड मांडीवर आणि एक मानेवर.

"हाज," फिक्री गंभीरपणे म्हणाले, "अल्लाला स्मरून सांगा. या घरात तुम्ही एकटे आहात का?"

आजोबांनी तोंड उघडलं. संत्र्याची फोड आत गेली.

"एकटे?" मुनीरा आत्या म्हणाली. "मिनिटभर एकटं सोडत नाही आम्ही बाबांना!"

"झोपेतसुद्धा नाही," नजात म्हणाली. "रात्रीत दोनदा उठून बघते, श्वास चाललाय ना. शंका आली तर उठवून विचारते."

"न्हाणीत गेले तरी दाराबाहेर कुणीतरी उभं असतं," सब्री म्हणाला. "गप्पा मारत."

"अहो, हाजना बोलू द्या," फिक्री म्हणाले.

"हो, बाबांना बोलू द्या!" आत्या सब्रीवर ओरडली. "तूच बोलू देत नाहीस!" सब्री नजातवर ओरडला. नजात पोरांवर. दहाही जण एकमेकांना गप्प करू लागले आणि त्या कल्लोळाच्या मधोमध, सोनेरी खुर्चीवर, आजोबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. डोळे दूर लागले. ओठ किंचित लोंबले. तोच चेहरा. फक्त तीन मजल्यांऐवजी टीचभर.

फिक्रींच्या हातातला चहाचा ग्लास तोंडाशी थांबला. संपलं, वजीहच्या मनात आलं. गेली इनास.

"हा चेहरा मी ओळखतो," फिक्री सावकाश म्हणाले.

"पुलावरचा," सब्री मान खाली घालून म्हणाला.

"पुलावरचा नव्हे. माझ्या आरशातला." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "हाज, ती खिडकीची खोली कुठे आहे?"

आजोबा उठले. दोन्ही म्हातारे जिना चढून गेले. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

दहा माणसं जिन्यावर जमली. नजातनं दाराला कान लावला.

"काय करतायत?" आत्यानं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे बोलतसुद्धा नाहीयेत."

"या अल्ला! म्हणजे भांडलेच!"

नजात पायरीवर बसली आणि कडीकडे बघत खालच्या आवाजात वजीहला म्हणाली, "तो फोटो आम्ही रास अल-बरहून आलो तेव्हाचा ना?"

वजीहनं होकारार्थी मान हलवली.

"जाताना नव्हे. आलो तेव्हाचा."

त्यानं पुन्हा मान हलवली. आता चप्पल निघणार म्हणून तो एक पायरी मागे सरला.

"गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते ना मी," नजात म्हणाली, "दोनच असले तरी अर्धा तास लावते. तुझ्या आत्याला सांगू नकोस."

"काय सांगू नकोस?" आत्या म्हणाली.

"काही नाही!" दोघं एकदम म्हणाली.

तेवढ्यात दारामागून फिक्रींचा आवाज आला. "वजीह! लग्नानंतर राहायला तू जो फ्लॅट बघितलायस त्याला खोल्या किती?"

"दोन, काका."

"तीनवाला बघ. तिसरीला कडी आतून पाहिजे. हाज तुमच्याकडे राहतील, महिन्यातले पंधरा दिवस. शुक्रवारी मी येईन. इनासला सांग, चहा दाराबाहेर ठेवायचा, वाजवायचं नाही."

"म्हणजे..." वजीहचा आवाज फाटला. "म्हणजे हो का, काका?"

"हात वर करा सगळे. फातिहा वाचू."

"जिन्यावर?" नजात किंचाळली. "मुलीचा बाप आमच्या घरात, मुलगी तिच्या घरात, आणि मधे बंद दार! अशी कधी कुणी वाचली आहे का? दार तरी उघडा!"

"दार उघडलं तर मग वाचत नाही," आतून उत्तर आलं.

सब्रीनं जगभर फिरून आलेले ते हात वर केले. मग नजातनं केले, मग पोरांनी, आणि आत्यानं बियांची पुडी काखेत धरून. दाराच्या अलीकडे दहा तोंडं आणि पलीकडे दोन, फातिहा वाचली गेली. शेवटचं आमीन सगळ्यांनी इतकं मनापासून म्हटलं की चौकटीतलं प्लास्टर सुटलं.

मुनीरा आत्याला आता कोण आवरणार? तिनं मान मागे टाकली, जीभ टाळूवर नाचवली आणि अशी खणखणीत झगरूता, लग्नघरची आनंदाची आरोळी, ठोकली की खाली गल्लीत उम्म हिशामनं हातातलं बदक टाकून दिलं आणि तिनंही सूर धरला, मग तिच्या शेजारणीनं, मग पलीकडच्या गल्लीनं.

कडी लावलेल्या दाराच्या आतून दोन म्हातारे एका आवाजात ओरडले, "हळू!"