लिसेचा नंबर

मित्रांनो, मी एक जुने बाकडे आहे. खांडबाऱ्याजवळच्या एका मिशनच्या दवाखान्याच्या ओट्यावर माझे सारे आयुष्य गेले. दवाखाना केव्हाच बंद पडला. आता माझ्यावर मिरच्यांची पोती असतात, आणि पोती उचलली की शेळ्या चढतात. शेळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्या निदान भाषणे करत नाहीत.

गिरधर मिस्त्रीने मला सागाच्या एका जुन्या तुळईतून काढले. लांबी नऊ फूट, पाय सहा. मला पाठ नाही, कारण पाठ दिली की लोक टेकून झोपतात आणि रांग अडते, असे बाईंचे म्हणणे होते. बाई म्हणजे इंगरबाई. डेन्मार्क नावाच्या थंड देशातून त्या नवऱ्याबरोबर इथे आल्या. त्या नर्स होत्या. त्यांचे यजमान येन्ससाहेब गावोगाव हातपंप बसवत आणि आठवड्यातले पाच दिवस जीप घेऊन डोंगरात असत. प्रभू येशूने दीनदुबळ्यांची सेवा करायला सांगितले आहे, म्हणून आम्ही आलो, असे बाई सांगत. त्या मनापासून सांगत, हे मी कबूल करतो.

माझा एक नियम होता. जो येईल त्याने ओट्याच्या पायरीकडच्या टोकाला बसायचे. पुढचा आत गेला की सगळ्यांनी एकेक जागा सरकायचे. सरकत सरकत बाईंच्या दाराशी पोहोचले की नंबर लागला. मध्ये कोणी घुसायचे नाही. तापीकाठचे एक केळीवाले बागाईतदार जीपमधून उतरून थेट दाराकडे निघाले, तेव्हा कंपाउंडर उखाने त्यांना शेवटी बसवले होते. शेजारी मोळीविकी बाई आणि तिचे शेंबडे पोर. बागाईतदारांनी बूड आवरून घेतले, पण बसले. पंचक्रोशीत त्या गोष्टीची वाहवा झाली. बाईंच्या देशातून पाहुणे येत, ते माझे फोटो काढून नेत. मला गर्व चढला होता. लुगड्यांनी आणि धोतरांनी घासून मी आरशासारखा गुळगुळीत झालो होतो, आणि आपल्यासारखे न्यायी आपणच, असे मला वाटू लागले होते.

बाईंना दोन मुले. मोठा मुलगा सात वर्षांचा झाला, तशी त्याची ट्रंक भरली आणि त्याला दूर दक्षिणेतल्या डोंगरावर, मिशनऱ्यांच्या मुलांच्या शाळेत पाठवले. वर्षातून एकदा तो घरी येई. पाहुण्यासारखा वागे, चहा दिला तर आभार मानी. धाकटी लिसे तेव्हा पाच वर्षांची होती. आपल्यालाही सातव्या वर्षी जायचे आहे, हे तिला ठाऊक होते. बोटे मोजता येत होती तिला.

लिसेला खरे सांभाळले ते स्वयंपाक करणाऱ्या कमलीबाईने. त्यामुळे पोरगी अहिराणी बोलू लागली, तीही अशी की खांडबाऱ्याच्या बाजारात भाजीवाल्या हसून हसून दमत. बाईंना मात्र भाषेच्या वर्गात शिकलेले पुस्तकी मराठी येई. रोग्यांसमोर आपल्या भाषेत कुजबुजायचे नाही, त्यांना परके वाटते, असा बाईंचा आणखी एक नियम होता. नियमांची त्यांच्याकडे कमी नव्हती.

एके सकाळी लिसे येऊन माझ्या शेवटच्या टोकाला बसली. उखा तिला हाकलू लागला. आतून बाईंनी पाहिले आणि त्या हसल्या.

"बसू दे तिला. नंबर आला की येईल," त्या म्हणाल्या.

दोन तास ती सरकत होती. नंबर लागला तेव्हा आत गेली आणि पोट दुखते म्हणाली. बाईंनी तिच्या पोटावर नळी लावली, गालाला हात लावला, साखरेची एक गोळी दिली आणि पुढच्याला बोलावले. एवढेच. पण त्या दोन मिनिटांत आई तिची एकटीची होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. त्या दिवशी गुडघा दुखत होता. मग बाहुलीला खोकला झाला. वर्षभर हे चालले. बायका कौतुकाने म्हणत, पुढे जा, बाळ. ती मान हलवी.

"मन्हा नंबर अजून नही उना."

तिच्या प्रामाणिकपणाचे मला फार कौतुक वाटे. आपल्या आईला भेटण्यासाठी एक मूल रांगेत बसते आहे, याची लाज वाटायला हवी होती, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आले नाही. लाकडाचे डोके. पण बाईंचे तर लाकडाचे नव्हते.

त्या वर्षी होळीनंतर गोवर आला. ओट्यावर मुंगीला वाट नव्हती. माझ्यावर, जमिनीवर, निंबाखाली, जिकडे तिकडे अंगावर पुरळ उठलेली बाळे. साहेब जीप घेऊन डोंगरात. लिसे सकाळी येऊन शेवटी बसली. कानावर हात धरला होता. नेहमीसारखी बडबड नव्हती. मला तिचे अंग गरम लागले, पण त्या दिवशी सगळीच अंगे गरम होती. दुपारी ती दाराशी पोहोचली. बाई एका बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आल्या.

"मन्हा कान दुखी ऱ्हायना," लिसे म्हणाली.

"लिसे, आज खेळ नको," बाई म्हणाल्या. "ही बाळे खरेच आजारी आहेत. तू शेवटी जाऊन बस."

मित्रांनो, ती रडली असती तर बरे झाले असते. ती उठली, माझ्या नऊ फुटांच्या कडेने चालत गेली आणि शेवटी बसली. पुन्हा सरकू लागली. पोरीला शिस्त छान लावली होती.

ऊन कलले तेव्हा तिच्या शेजारी गुलाबबाई होती. मांडीवर सहा महिन्यांचा दिवाल्या, त्याला धाप लागलेली. लिसेची मान तिच्या दंडावर कलंडली, तशी गुलाबबाई ओरडली.

"बाई! हाई पोरनं आंग तपी ऱ्हायनं! हात लायीसन देखा!"

बाई धावत आल्या. लिसेच्या कानामागे लिंबाएवढी सूज होती. बाईंचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मी पाहिले आहे, आणि ते सांगायची मला इच्छा नाही. त्यांनी इंजेक्शन दिले. नंदुरबारला न्यायलाच हवे, ऑपरेशन लागेल, असे त्या उखाला म्हणाल्या. पॅसेंजर यायला अर्धा तास होता. त्यांनी पायात चपला सरकवल्या. तेवढ्यात, नंबर लागून आत गेलेल्या गुलाबबाईची किंकाळी आली. दिवाल्या निळा पडत होता.

बाई ओट्यावर उभ्या राहिल्या. एकदा लिसेकडे पाहिले, एकदा आत. मग चपला काढल्या.

लिसेला कमलीबाईने पाठीशी बांधले आणि उखा तिकिटे काढायला पुढे पळाला. नंतर कमलीबाई माझ्यावर बसून सांगायची, की गाडीत पोरगी सारखी एकच विचारत होती, "माय कव्हय येई?" पहिल्या दिवशी विचारले, दुसऱ्या दिवशी विचारले. बाई तिसऱ्या दिवशी पोहोचल्या, तोवर तिने विचारणे सोडले होते.

दिवाल्या वाचला. लिसेही वाचली, पण उजवा कान कायमचा गेला. घरी आल्यावर ती माझ्यावर कधी बसली नाही. बाई दवाखाना मध्येच थांबवून बाहेर येत, "लिसे, ये ना," म्हणत. पोरगी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत राही. डावा कान आईकडे असला तरी. पुढे सात वर्षे पूर्ण झाली, ट्रंक भरली, आणि ती न रडता गेली. रडायचे काम बाईंनी केले, माझ्यावर बसून, दवाखाना उघडायच्या आधी. मग डोळे पुसून पहिला नंबर घेतला.

वीस वर्षांनी बाई आणि साहेब मायदेशी निघाले, तेव्हा मोठा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, मांडव. एक पुढारी म्हणाले, "बाईंनी आमची लेकरे आपली मानली!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांची स्वतःची लेकरे कुठे आहेत, हे त्या गर्दीत एकानेही विचारले नाही. पुढे दवाखान्याला कुलूप लागले, पत्रे गळू लागले आणि मी पोत्यांचा झालो.

गेल्या हिवाळ्यात एक गोरी बाई रिक्षातून उतरली. केस पांढुरके, मान किंचित वळवून ऐकायची सवय. म्हातारी कमलीबाई काठी टेकत आली आणि तिला पोटाशी धरून कितीतरी वेळ रडली. इंगरबाई वारल्या होत्या. ते सांगायला लिसे एवढ्या लांब आली होती, कमलीबाईला.

बातमी गावात पसरली. चांगला धिप्पाड झालेला दिवाल्या बायकोपोरांना घेऊन आला. लिसेच्या पाया पडला आणि उठून तिच्या उजव्या बाजूला उभा राहिला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "तुमनी माय नसती ते मी बी नसतू."

लिसे समोर निंबाकडे बघत राहिली. दिवाल्याचा चेहरा उतरला. त्याला वाटले, परदेशातली बाई, आपल्याशी कशाला बोलेल?

"त्या कानले ऐकू येत नही तिले," कमलीबाई म्हणाली. "आठे ये, आठेथून बोल."

तो डावीकडे आला आणि पुन्हा तेच बोलला. मग सहज विचारले, "कानले काय जायं?" कमलीबाईने तोंड उघडले, पण लिसेने तिचा हात दाबला. दिवाल्याच्या धाकट्या मुलीला जवळ घेतले, तिचे केस नीट केले. चाळीस वर्षांनी ती अहिराणी बोलली, अडखळत.

"मन्ही माय तुले भेटनी, भाऊ. मले नही भेटनी."

दिवाल्या हसला. त्याला वाटले, ती आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलते आहे, तिला भेट झाली नसेल. "देव तिना आत्माले शांती देवो," तो म्हणाला.

मित्रांनो, मला रंग द्या, माझी डागडुजी करा, असे मी मागणार नाही. वाळवी लागली आहे, ती आपले काम करील. माझा नियम चुकीचा होता, असे मी आजही म्हणू शकत नाही, आणि दिवाल्याची मुले ओट्यावर खेळतात तेव्हा तर मुळीच नाही. पण तुमच्यापैकी कोणी मोठेपणी जगाची सेवा करायला निघालात, तर एवढे ऐका. घरातले मूल दुखते म्हणाले, की आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहा. ते दहा वेळा खोटे बोलले असेल, तरी अकराव्या वेळीही पाहा. जगाची रांग संपत नसते. मुलाचे मात्र एक दिवस विचारणे संपते, आणि मग तुम्ही कितीही हाका मारा, ते कोंबड्यांना दाणे टाकत राहते.